शिरस्तेदारांच्या घरची डाळ

माझ्या सासरी डाळ शिजत नसे. कुणाच्या घरात पिढीजात दमा असतो, कुणाच्या घरात पिढीजात वकिली असते, आमच्याकडे पिढीजात कच्ची डाळ होती. ठाण्यात आमचं घर तालेवार समजलं जाई. मामंजी, म्हणजे माझे सासरे, कलेक्टर कचेरीत शिरस्तेदार होते आणि म्युनिसिपालिटीचे मेंबरही होते. परसात स्वतःची विहीर होती, न्हाणीघरात तांब्याचा बंब होता, ओटीवर बसायला येणाऱ्यांची कधी वाण पडली नाही. फक्त जेवायला बसलं की वरणाचं पाणी भातातून निघून जायचं आणि डाळ वर कोरडी राहायची.

मी कल्याणची. आम्ही तळ्याचं पाणी प्यायचो. माझी आई चुलीवर डाळ ठेवून फुलं काढायला जायची आणि ती परत येईपर्यंत डाळीचं पीठ झालेलं असायचं. त्यामुळे डाळ शिजते ती विस्तवाने, अशी माझी भाबडी समजूत होती. शिरस्तेदारांच्या घरात येऊन मला कळलं की डाळ घराण्याच्या मर्जीने शिजते, आणि या घराण्याची मर्जी नव्हती.

नांदायला आले त्याच आठवड्यात मला चुलीपुढे बसवलं. इकडची स्वारी तेव्हा शिकायला पुण्याला होती, त्यामुळे माझी बाजू घ्यायला घरात कुणी नव्हतं. मी पहाटेपासून लाकडं सारत होते. पाणी आटलं की पुन्हा घालत होते. डाळ फुगली, तिच्या सालीसारखा पातळ पापुद्रा सुटला, पण दाणा आपला गोट्यासारखा तसाच. मामंजी कचेरीत जायचे म्हणून पान मांडलं आणि आहे तशी डाळ वाढली. तेव्हा मी त्यांची जेवायची रीत पहिल्यांदा पाहिली.

मामंजी कधी ओरडत नसत. ओरडणारा माणूस परवडला. ते भात कालवायचे, त्यात बोट फिरवायचे, न शिजलेला दाणा सापडला की तो हळूच उचलून ताटाच्या काठावर ठेवायचे. मग दुसरा. त्याला लागून तिसरा. कचेरीत कागद जसे नीट एकाला एक लावत असतील तसेच दाणे लावायचे. जेवण होईपर्यंत ताटाचा अर्धा काठ भरलेला असायचा. मग आचवायला उठताना समईकडे बघत म्हणायचे, “हाताला गुण लागतो.”

मला वाटलं, हे मलाच. डोळ्यांत पाणीच आलं. पण सहज सासूबाईंकडे बघितलं तर त्या भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि त्यांची मान खाली गेलेली होती. ते वाक्य त्यांचं होतं. लग्न होऊन आल्यापासून रोज जेवणाअंती त्यांना ते मिळत होतं. मी फक्त त्यांच्या मागे येऊन उभी राहिले होते.

सासूबाईंचं माहेर कल्याणजवळचं मोहने, नदीकाठी. परकराच्या वयात त्या या घरात आल्या. त्यांच्या सासूने पहिल्याच महिन्यात ठरवून टाकलं की पोरीच्या हाताला गुण नाही, आणि पुढे ते कुणी उलटून तपासलं नाही. या बाईची पुरणपोळी सोडून बाकी सगळं उत्तम व्हायचं. पुरणपोळीला डाळ लागते. लोणची, पापड, शेवया, उकडीचे मोदक, सगळ्यात त्या तरबेज होत्या, पण गावात नाव झालं ते डाळीवरून. लग्नामुंजीत आळीतल्या बायका स्वयंपाकाला जमल्या की शिरस्तेदारीणबाईंना मानाने पाट द्यायच्या आणि पानं पुसायला बसवायच्या. चुलीकडे त्यांना कुणी फिरकू देत नसे. सासूबाई पानं पुसता पुसता हसून बोलायच्या. घरी आल्या की लुगडं बदलायला म्हणून आतल्या खोलीत जायच्या आणि बराच वेळ बाहेर येत नसत.

उपाय त्यांनी कमी केले नव्हते. डाळ रात्री भिजत घालायच्या. तेलाचा थेंब टाकायच्या, हळद आधी घालायच्या, करवंटीचा तुकडा सोडायच्या, सुपारीचं खांड सोडायच्या. एकदा पापडखाराची चिमूट टाकली होती म्हणे, तेव्हा डाळ शिजली, पण मामंजींना वास आला आणि हे खानावळीतलं अन्न आहे असं म्हणून त्यांनी ताट बाजूला सारलं. त्यानंतर पापडखार फक्त पापडांनाच. या बाईला आयुष्यात दागिना नको होता, तीर्थयात्रा नको होती. आपल्या हातचं मऊ वरण एकदा तरी नवऱ्याच्या पानात पडावं आणि त्याने ते आपलं म्हणून खावं, एवढीच तिची इच्छा होती. हे तिने मला कधी सांगितलं नाही. रोज झाकण उचलताना तिचं तोंड जसं व्हायचं त्यावरून मला कळत होतं.

मी काही दिवस मूग गिळून बसले आणि मग एका दुपारी सांगून टाकलं की सासूबाई, हा हाताचा दोष नाही, तुमच्या विहिरीचं पाणी जड आहे. त्यांनी माझ्याकडे अशा काही नजरेने बघितलं, जणू देव्हाऱ्यातला बाळकृष्ण चपट्या नाकाचा आहे असंच मी म्हटलं होतं. विहीर मामंजींच्या आजोबांनी खणलेली. तिच्या पाण्याने घरात तीन शिरस्तेदार झाले होते. मी म्हटलं, मोहन्याला तुमच्याकडे डाळ शिजायची ना? त्या म्हणाल्या, शिजायची, पण ती आई करायची, तिच्या हाताला गुण होता.

त्या विहिरीचं कौतुक ऐकायचं तर मामंजींच्या तोंडून. जड पाणी अंगी लागतं, हाडं धरून ठेवतं, तळ्याचं हलकं पाणी पिणाऱ्यांच्या बोलण्यात काही वजन नसतं, असं ते माझ्यासमोर म्हणायचे. कल्याणकडे मान वळवून म्हणायचे, म्हणजे रोख कुठे आहे ते कळावं. खरं तर ते पाणी साधं तोंडात धरलं तरी मचूळ लागायचं. धोतरं त्यात धुतली की पिवळट पडायची आणि दोरीवरून काढताना पापडासारखी ताठ उभी राहायची. शिकेकाईला फेस येत नसे, केस धुतल्यावर जास्तच चिकट व्हायचे. पण पाण्याला बोल कधी लागला नाही. धोतर पिवळं झालं की सासूबाईंनी नीट पिळलं नाही. केसांची लट झाली की तेल जास्त झालं. आणि बंब तापायला वेळ लागला की लाकडं ओली.

बंबाचं तर स्वतंत्र पुराणच आहे. मामंजींनी तो तांबटाकडून मुद्दाम घडवून घेतला होता, मध्ये विस्तवाची नळी, बाजूला पितळी तोटी, बाहेरून असा लखलखीत की तोंड बघून कुंकू लावावं. पहिल्या वर्षी दोन फाटी घातली की पाणी कढत. मी आले तेव्हा तोच बंब अर्धी मोळी खायचा आणि धुरापलीकडे काही द्यायचा नाही. मामंजी पंचा गुंडाळून न्हाणीच्या दाराशी उभे, कचेरीची वेळ होत आलेली, आणि सासूबाई बंबापुढे वाकून फुंकतायत, हा रोजचा देखावा होता. पुढे पुढे तोटीतून पाण्याची धार करंगळीएवढी झाली, आणि एके दिवशी तीही बंद पडली. तेव्हा कुठे तांबटाला बोलावलं.

तांबटाने बंब अंगणात आडवा केला आणि बाहेरून हातोडीने ठोकायला सुरुवात केली. आतून खडखड करत पांढऱ्या चिपा पडायला लागल्या. हातभर लांबीच्या नव्हेत, पण तळव्याएवढ्या तर सहज, वाटीच्या कडेइतक्या जाड. चुन्याचा गिलावा फोडावा तसा ढीग झाला. मला वाटलं, आता तरी उजेड पडेल. हा दगड बंबात कुठून आला, हे कुणीतरी विचारेल. सासूबाईंनी एक चीप उचलून हातात धरली आणि माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या नजरेत पहिल्यांदाच काहीतरी हललं.

तेवढ्यात मामंजी आले. त्यांनी सगळ्यांत मोठी चीप निवडली, पंच्याने पुसली आणि म्हणाले, बघा आमच्या पाण्यात सत्त्व किती आहे. ती चीप त्यांनी ओटीवर कागदांवर वजन म्हणून ठेवली. येणाऱ्याजाणाऱ्याला ते ती हातात देऊन जोखायला लावायचे. लोक माना डोलवायचे. शिरस्तेदाराच्या ओटीवर बसून पाण्याला नावं कोण ठेवणार?

यानंतर थोड्या काळाने ठाण्यात नळ आले. येऊरच्या डोंगराखाली तळ्यात पाणी अडवलं होतं, तिथून ते लोखंडी नळांनी गावात आणलं. या कामाला म्युनिसिपालिटीत सगळ्यांत जास्त पाठिंबा कुणी दिला असेल तर आमच्या मामंजींनी. नळ सुरू करायच्या समारंभाला कलेक्टर साहेबापुढे त्यांनी इंग्रजीत भाषण केलं. शुद्ध पाणी ही सरकारची केवढी कृपा, असा त्याचा आशय होता, आणि तो आम्हाला पुढे महिनाभर मराठीतून ऐकावा लागला. घरी आल्यावर पगडी उतरवून त्यांनी जाहीर केलं की या नळाचा एक थेंबही घरात यायचा नाही. नळाच्या तोटीत चामड्याची चकती असते, ते चामडं कुठल्या जनावराचं ते देव जाणे, आणि कोपऱ्यावरचा नळ तर कोणीही सोम्यागोम्या पिरगाळतो. गावाला पाजायला पाणी गंगेसारखं होतं, शिरस्तेदारांच्या घरात शिरायला मात्र ते बाटलेलं होतं.

खाडीवरच्या कोळणी कोपऱ्यावरच्या नळावर हंडे भरून हसत खिदळत घरी जायच्या. मी खिडकीतून बघायची. त्यांच्याकडे काय शिजत असेल ते असो, शिजत असेल एवढं नक्की.

पण साहेबाने घोळ केला. त्याने मामंजींना विचारलं, तुम्ही घरी नळ घेतलात ना? मामंजी साहेबाला नाही कसं म्हणणार? दुसऱ्याच आठवड्यात आमच्या परसात नळ उभा राहिला. पितळी तोटी, खाली दगड. पाहुण्यांना दाखवायला तो फार चांगला होता. त्याला हात लावायची कुणाला मुभा नव्हती, गडी सोडून. आता साहेबासाठी नळ हवा आणि धर्मासाठी नको, यातून वाट कशी काढायची? अशा वेळी शास्त्रीबुवा असतात.

शास्त्रीबुवा आले, जेवले, आमच्या वरणातले दाणे त्यांनी सभ्यपणे पानाखाली सारले, आणि पान खाऊन निकाल दिला. जमिनीवर पडलेलं, एक गाय तृप्त होईल एवढं पाणी शुद्धच असतं, असं शास्त्र सांगतं. मामंजींचा चेहरा उजळला. लगेच गाय आणली. नळ सोडून पाणी परसातल्या खळग्यात साचू दिलं. आमची गाय विहिरीच्या पाण्याला नाइलाजाने तोंड लावायची. या पाण्यात तिने तोंड घातलं ते खळगा कोरडा होईपर्यंत वर काढलंच नाही. मामंजींना त्यात शास्त्राचा पुरावा दिसला. मला एवढंच दिसलं की या घरात पाणी कळणारी एकटी गाय आहे.

मग योजना झाली. नळाच्या तोंडापासून थोडी उघडी जमीन ठेवायची, म्हणजे पाणी मातीला लागून शुद्ध होईल, आणि पुढे दगडी पन्हळीने ते नेऊन विहिरीत सोडायचं. विहिरीत पडलं की ते विहिरीचं. त्यावर मग सोवळ्याओवळ्याची हरकत उरत नाही. गडी सकाळी नळ सोडायचा, डोंगरातलं गोडं पाणी कोसभर प्रवास करून आमच्या परसात यायचं आणि आमच्या जड पाण्यात बुडी घ्यायचं. एवढा खटाटोप करून चांगलं पाणी वाईट करायची युक्ती आजवर कुणाला सुचली नसेल. साहेबाने पुन्हा विचारलं तेव्हा मामंजींनी ताठ मानेने सांगितलं की आम्ही घरात नळाचंच पाणी पितो.

सासूबाईंनी मात्र या नळावर आशा लावली होती. बंबातली ती चीप त्यांच्या मनातून गेली नव्हती. पन्हळ सुरू झाल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी नवं पाणी म्हणून विहिरीतून घागर काढली, डाळ निवडून तीनदा धुतली, आणि चुलीपुढून हलल्या नाहीत. मी त्यांना सांगत होते की विहिरीतून काढलंत म्हणजे ते विहिरीचंच, पण त्यांना ते ऐकायचं नव्हतं. डाळ जशीच्या तशी राहिली. विहीर केवढी खोल, तिने तो नळ एका घोटात गिळला होता.

पानावर बसून मामंजींनी नेहमीसारखे दाणे मांडले. मग त्या दिवशी समईकडे न बघता सरळ सासूबाईंकडे बघून ते म्हणाले की नळाचं पाणी घेऊन पाहिलं, तरी डाळ तशीच, म्हणजे पाण्यात दोष नाही हे आता सिद्ध झालं. कचेरीत बसून बसून त्यांना निकाल द्यायची सवय होती. सासूबाईंनी मान हलवली. त्यांना पटलं होतं. मला मामंजींचा इतका राग आला की ओटीवरची ती चीप घेऊन विहिरीत भिरकावून द्यावी असं वाटलं. पण सुनेने सासऱ्यांसमोर तोंड उघडायची रीत नव्हती, आणि चीप भिरकावायची तर नव्हतीच.

त्यानंतर सासूबाईंनी करवंटीचा तुकडा टाकणंही सोडलं. डाळ पाण्यात घालायच्या, ठरावीक वेळाने उतरवायच्या, वाढायच्या. झाकण उचलताना त्यांचं तोंड आता बदलत नसे. ते बघणं मला जास्त जड गेलं.

असे काही महिने गेले. एका सकाळी सासूबाई सोवळ्यात पाणी काढत होत्या आणि पोहऱ्याची गाठ सुटली. पोहरा विहिरीत गेला, दोर तेवढा हातात राहिला. गळ टाकून काढायचा तर गडी बाजारात गेलेला. मामंजींना त्या दिवशी साहेबाच्या मुक्कामावर जायचं होतं, पान लवकर हवं होतं. घागरी रिकाम्या. परसात फक्त नळाची धार वाहत होती, ती मातीवर पडून शुद्ध होऊन विहिरीत जात होती, जिथून ती काढायला आमच्याकडे पोहरा नव्हता.

सासूबाई धारेकडे बघत उभ्या राहिल्या. मग त्यांनी घागर उचलली आणि सरळ तोटीखाली ठेवली. घागर भरली, डाळ चढली.

थोड्या वेळाने त्यांनी झाकण उचललं आणि पळी घातली. रोज पळीला दाणे लागून खडखड व्हायचं. त्या दिवशी आवाज आला नाही. त्यांनी पळी वर काढली, वरण त्यावरून दाट होऊन ओघळलं. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग वाकून वास घेतला. मी पापडखार टाकला असेल असं त्यांना वाटलं. मी मान हलवून नाही म्हटलं. मग त्यांनी पळीवरची डाळ चिमटीत घेऊन दाबली. चिमटीत काहीच राहिलं नाही.

त्या रडतील असं मला वाटलं होतं. रडल्या नाहीत. त्यांचा चेहरा हळूहळू लाल झाला आणि त्या उठून परसदारी जाऊन विहिरीकडे बघत उभ्या राहिल्या. तेवढ्या रागाने मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, आधीही नाही आणि नंतरही नाही.

मामंजी जेवायला बसले. भात कालवला, बोट फिरवलं. काही लागलं नाही. पुन्हा फिरवलं. त्यांचं बोट भातात चाचपडत होतं, अंधारात चष्मा शोधावा तसं. मग ते जेवायला लागले आणि भराभर जेवले. दोनदा वरण मागून घेतलं. सासूबाई तुपाचं भांडं हातात धरून उभ्या होत्या. इतक्या वर्षांनी ती वेळ आली होती. मामंजी आचवायला उठले, त्यांनी समईकडे पाहिलं आणि म्हणाले, “आज सूनबाईंनी केलेली दिसते. त्यांच्या हाताला गुण आहे.”

मी तोंड उघडलं. सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी ते मिटलं. मामंजी पगडी घालून बाहेर पडले, त्यांच्या जोड्यांचा आवाज ओटीवरून उतरला, आणि मग सासूबाई शांतपणे म्हणाल्या, “उद्यापासून त्यांची डाळ वेगळी. विहिरीच्या पाण्यात. त्यांचं सोवळं आपण कशाला मोडायचं?”

मी विचारलं, आणि तुमचं सोवळं? त्या म्हणाल्या, शास्त्रीबुवा म्हणाले ना की पाणी जमिनीवर पडलं की शुद्ध होतं, मग घागर मी कुठे ठेवली होती, जमिनीवरच ना. त्या दिवशी मला कळलं की या बाईला कचेरीत बसवायला हवं होतं.

तेव्हापासून आमच्या चुलीवर दोन पातेली चढायची. मोठं बायकांचं, लहान मामंजींचं. ते पानावर बसून दाणे मांडायचे, आणि ते गेल्यावर आम्ही दोघी मऊ लोण्यासारखं वरण भातावर घेऊन जेवायचो. सासूबाईंच्या अंगावर मांस चढलं. संक्रांतीनंतर शेजारच्या घरी मुंज होती. सासूबाईंनी पानं पुसायचं फडकं बाजूला ठेवलं आणि वरणाचं पातेलं मागितलं. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. शिरस्तेदारीणबाईंना नाही म्हणता येईना, म्हणून त्यांनी दुसरं पातेलं गुपचूप मागच्या चुलीवर चढवलं. त्या घरी नळाचंच पाणी होतं. मागचं पातेलं उतरवायची वेळच आली नाही. मामंजी त्याच पंक्तीला जेवले आणि आचाऱ्याची तारीफ करून घरी आले.

मामंजींना पेन्शन झाली; इकडची स्वारी शिकून नोकरीला परगावीच राहिली होती. हळूहळू त्यांचे दात गेले. बंब तांबटाकडे जाऊन येऊन पातळ झाला, नवीन बंब आला, तोही आतून पांढरा व्हायला लागला. मामंजी घरीच असत, ओटीवर ती चीप पुढ्यात घेऊन बसत. दुपारी पानावर बसत. आता दाणे चावता येत नसत, त्यामुळे ताटाचा काठ पूर्ण भरत असे आणि पोट अर्धं राहत असे.

एकदा त्यांनी हात थांबवला आणि विचारलं, डाळ जरा मऊ शिजवता येणार नाही का. आवाजात कधी नव्हे ती विनवणी होती. मलाच कसंसं झालं. सासूबाई शांत होत्या.

“माझ्या हाताला गुण नाही,” त्या म्हणाल्या. “आपणच सांगत आलात.”

मामंजी म्हणाले, मग सूनबाई करतील. सासूबाई म्हणाल्या की सूनबाईंना विहिरीच्या पाण्यात जमत नाही, नळाच्या पाण्यात जमतं, आपल्याला चालत असेल तर आपण तसं सांगावं. मामंजींच्या समोर दोन वाटा होत्या, भुकेलं राहायचं किंवा हे घर इतकी वर्षं चुकत होतं असं म्हणायचं. त्यांनी उरलेला भात ताकाबरोबर खाल्ला. किती तरी दिवस ते ताकभातच खात होते.

मी सासूबाईंना म्हटलं, आता पुरे, म्हातारे झालेत. त्या म्हणाल्या, मी कुठे नाही म्हणतेय, मागू देत.

शेवटी मामंजींनी वाट काढलीच, आणि ती शास्त्रातूनच. वैद्य आले होते, त्यांनी मऊ अन्न खायला सांगितलं. वैद्य गेल्यावर मामंजींनी ओटीवरून मोठ्याने जाहीर केलं की प्रकृतीसाठी घेतलेल्या गोष्टीला सोवळं लागत नाही, तेव्हा नळाचं पाणी औषध म्हणून चालेल. चूक कबूल करावी लागली नाही, भूक मात्र भागणार होती. सासूबाईंनी ऐकलं. त्या मला म्हणाल्या, आज तू माजघरात बैस, चुलीकडे येऊ नकोस.

मी माजघरातून बघत होते. मामंजींनी भात कालवला. बोट सवयीने फिरलं, काही सापडलं नाही. त्यांनी दोन घास खाल्ले आणि डोळे मिटले. मग म्हणाले, “सूनबाईंच्या हाताला गुण आहे, हे मी पहिल्यापासून म्हणतो.”

“सूनबाई माजघरात बसल्या आहेत,” सासूबाई म्हणाल्या. “ही मी केली. आणि त्या दिवशी, तुमच्या साहेबाच्या मुक्कामाच्या दिवशी, तीही मीच केली होती. लग्न होऊन आले तेव्हा होता तोच हात आहे. तुमच्या विहिरीचं पाणी तेवढं नाही.”

मामंजी खाली बघून जेवत राहिले. वाटी रिकामी झाली तशी त्यांनी ती पुढे सरकवली. सासूबाई वरणाचं पातेलं कडेला धरून उभ्या होत्या. त्यांनी पळी उचलली नाही. मामंजींनी वाटी आणखी थोडी पुढे केली. सासूबाई तशाच उभ्या. मामंजींनी समईकडे पाहिलं, तिथे काही मदत मिळाली नाही. मग त्यांनी मान वर करून बायकोकडे पाहिलं.

“चांगली झालीय,” ते म्हणाले. “तुझी.”

सासूबाईंनी पळी भरून वाढली. मग आणखी एक वाढली, मग आणखी एक. वाटी भरून वाहायला लागली तरी त्या थांबल्या नाहीत. वरण ताटात पसरलं आणि जिथे त्यांची सगळी वर्षं दाण्यादाण्याने मांडली गेली होती त्या काठाला जाऊन लागलं.